येतंय म्हणून लिवून द्या

जून उजाडला की आमच्या घरातला फोन वाजायला लागतो. ह्यांना निवृत्त होऊन वर्षं लोटली, कॉलेजात आता ह्यांना ओळखणारा शिपाईसुद्धा उरला नसेल, तरी कुणाचा भाचा असतो, कुणाची पुतणी असते, कुणाचे दोन टक्के कमी पडलेले असतात. सरांनी नुसता एक शब्द टाकला तर काम होईल, असं पलीकडचा म्हणतो. हे अगदी नम्रपणे सांगतात की माझा शब्द आता कुणी झेलत नाही, आणि फोन ठेवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात. मी विचारते, "कुणाचा होता?" ते म्हणतात, "ॲडमिशनचा." प्रवेशाचा हंगाम म्हटलं की आम्हाला एकच वर्ष आठवतं, आणि ते आठवून आठवून आता कंटाळा आलाय.

ते कारगिलचं वर्ष. हे तेव्हा प्राचार्य होते, विषय इतिहास. मी शाळेत गणित शिकवायचे. ह्यांचं कॉलेज म्हणजे खेड्यापाड्यातल्या मुलांचं. कागलची, कुरुंदवाडची मुलं एस.टी.नं ये-जा करायची आणि शाहूवाडीकडची डोंगरातली वसतिगृहात राहायची. घरात भाऊ दोन असले तर एक शेतात आणि एक फौजेत, असा तिकडचा सरळ हिशेब. बी.ए.ची दोन वर्षं झाली की एखादा दिवस मुलगा वर्गात दिसायचा नाही. चौकशी केली की कळायचं, भरतीत छाती मापात बसली, गेला. ह्यांना वाईट वाटायचं. पदवी तरी घेऊन जायचं, म्हणून रागवायचेही. पण रागावून कुणाला सांगणार, मुलगा एव्हाना गाडीत बसलेला असायचा.

मे महिन्यात टीव्हीवर ते डोंगर दिसायला लागले. आमच्या अंगणात आंब्याच्या साली आणि कोयी पडलेल्या, आणि समोर पडद्यावर बर्फ. हे जेवताजेवता थांबायचे. एकदा म्हणाले, "त्या उंचीवर आपली किती पोरं असतील?" मला काय माहीत. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या हेडक्लार्कला गाठून त्यांनी पत्ते गोळा करायला लावले. कुणाचा भाऊ कॉलेजात होता, कुणाचा चुलता, त्यांच्याकडून पत्ते आले. पत्ते तरी कसले, गावाचं नावच नाही. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी फौजी टपालाचा आकडा. पत्र जाणार कुठं हे लिहिणाऱ्याला कळायचं नाही. मी पहिल्यांदा असा पत्ता लिहिला तेव्हा काहीतरी लिहायचं राहिलंय असंच वाटत होतं.

लिहायचे मी, कारण ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. ऑपरेशन पावसाळा संपल्यावर करू, असं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी चहा झाला की मी आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि हे हात मागं बांधून खोलीभर फिरत मजकूर सांगायचे. पाऊस लागला की ती निळी पत्रं दमट होऊन शाई फुटायची. कपबशा, ओल्या छत्र्या, डिंकाचा वास, आणि ह्यांचं ते व्याख्यान. व्याख्यानच. देश, कर्तव्य, सह्याद्री, पूर्वज. आमच्या लग्नाआधी मलाही ह्यांनी असलीच पत्रं लिहिली होती, त्यामुळं मला सवय होती. पण पोरांना?

उत्तरं यायला लागली तेव्हा कळलं. कागलचा एक मुलगा होता, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला, जरा जादाच हुशार. "सविनय जय भीम सर" म्हणून त्याचं पत्र सुरू व्हायचं. ह्यांनी त्याला दोन पानं पानिपतावर लिहिली होती. त्यानं उत्तर धाडलं: "पत्र पोचलं, सगळ्यांना वाचून दाखवलं. पण सर, पानिपताचं लिहू नका. तिथं आपण हरलो होतो." मी ते मोठ्यानं वाचलं आणि हसून हसून मला ठसका लागला. हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." पानिपत त्या दिवसापासून बंद झालं.

मग काय लिहायचं, असा प्रश्न पडला. पोरंच विचारायची. पंचगंगेला पाणी किती आलंय? रंकाळा भरला का? फुटबॉलला यंदा कुठल्या पेठेनं बाजी मारली? कुरुंदवाडच्या एकानं लिहिलं होतं, नदीकाठच्या वांग्यांचं नुसतं नाव पत्रात लिहा, बस झालं. हे म्हणाले, "हे लिहायला प्राचार्य कशाला हवा?" तरी दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मुद्दाम वाकडी वाट करून घाटावर गेले आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय ते बघून आले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तिथल्या कुणाला तरी विचारलं म्हणे. चप्पल चिखलानं भरवून आले आणि मला म्हणाले, "लिही, घाटावरच्या दीपमाळा अजून उघड्या आहेत, पाणी तिथवर आलेलं नाही." मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला. एरवी तसं म्हणायची वेळ कमी येते.

त्या सगळ्यांत दिलीप होता. शाहूवाडीच्या वरच्या अंगाचा, भातशेतीवाला. वसतिगृहात असताना सुट्टीला गेला की येताना आमच्यासाठी घनसाळ तांदळाची पिशवी आणायचा. तो शिजला की वासानं शेजारच्या बायका खिडकीतून विचारायच्या. बोलायला कमी, धावायला पुढं. त्याची पत्रं लहान. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, "सर, माझी बहीण सुनंदा बारावी झाली. चांगले मार्क पडलेत. तिचं नाव आपल्या कॉलेजात घाला. मी पैशाचं बघतो. घरी तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय असं ऐकतो, तेवढं थांबवा. मी आल्यावर आबाशी बोलतो." त्याच्या पुढच्या पत्रात तेच, आणि त्याच्या पुढच्यातही तेच. सुनंदाचं झालं का? ती येते का? वसतिगृहात जागा मिळेतोवर एस.टी.चा पास काढून दिला का? त्याच्या डोक्यावर तोफा चालल्या होत्या आणि हा बहिणीच्या पासाची काळजी करत होता.

ह्यांनी मुलीला निरोप धाडून बोलावून घेतलं. ती एका चुलतभावाबरोबर आली, भिजलेली, पदरात निकालाचा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. भावासारखीच कमी बोलणारी. पण फॉर्मवर विषय लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "सर, इतिहास घेतो मी. दादा म्हणालाय तुमी चांगलं शिकिवता." नाव पडलं. बाकावरची एक जागा तिची झाली. आम्ही दिलीपला लगेच कळवलं, प्रवेश झाला. ते पत्र लिहिताना मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचे वडील आले. पावसाची झड लागलेली, शेतात रोप लावणीची घाई, आणि हा माणूस पहाटेची गाडी धरून आमच्या दारात उभा. डोक्यावर घोंगडं, पायात चिखल. आत यायला तयार नाही. शेवटी व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. मी चहा दिला. तो तसाच हातात धरून म्हणाले, "सर, पोरीचं नाव काढून टाका. लगीन ठरलंय तिचं. एकादशीच्या आत उरकायचं."

त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता, त्यामुळं लग्नं खोळंबली होती आणि आषाढी एकादशीपासून तर चातुर्मासच. मधे जेमतेम काही मुहूर्त. पण मला ती घाई कळेना. मुलगी अठराची, चांगली हुशार, स्थळ काही पळून चाललं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, दिवाळीनंतर करा की. भाऊ येईल तोवर. त्याच्या हातनं होऊ दे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बशीकडे. "वैनी, शेजारच्या गावात मागल्या आठवड्यात एक आलंय. पेटीतनं." पुढं म्हणाले, "घरात कोण गेलं की लगीन वर्साच्या आत करावं लागतंय, न्हायतर तीन वर्सं थांबायचं. घर असं दुक धरून बसल्यालं, त्यात वर्साच्या आत कोण करतंय? आन् तीन वर्सांनी पोरगी एकवीस. मग कोण येतंय दारात? आताच उरकल्यालं बरं."

तेव्हा मला सगळं कळलं. हा बाप मुलाचं मरण धरून हिशेब करत होता. मुलगा तिकडे जिवंत होता, बहिणीच्या पासाबद्दल लिहीत होता, आणि इकडे त्याच्या सुतकाचे दिवस मोजून मुहूर्त निघाला होता. मला राग आला. पण रागवायचं कुणावर ते कळेना. ते मुलावर प्रेम करत नव्हते असं कोण म्हणेल? दोन लेकरांतलं एक तरी सुखरूप मार्गी लावायचं, एवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं.

हे समजावत राहिले. फी माफ होते, वसतिगृह आहे, मुलगी शिकली तर नोकरी लागेल. म्हणाले, "आबा, दिलीप येतोय बघा. लढाई आता फार दिवसांची नाही. तो येईपर्यंत थांबा."

दिलीपच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली. "मग लिवून द्या मला," ते म्हणाले. "तुमी शिकल्याली मानसं. प्वारगं येतंय म्हणून लिवून द्या, सही करा. मी थांबतो. सोयऱ्याला जाऊन सांगतो, सरांनी लिवून दिलंय."

ह्यात टोमणा नव्हता. माणूस खरंच मागत होता. तलाठी लिहून देतो, बँक लिहून देते, डॉक्टर लिहून देतो, तसं कॉलेजच्या मोठ्या सरांनी लिहून द्यावं. त्यांचा कागदावर विश्वास होता, आणि मुलाला पत्रं लिहिणाऱ्या ह्या माणसावर त्याहून जास्त होता. दारातून आतल्या टेबलावरची कोरी पत्रं दिसत होती. पेनही तिथंच पडलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर पुराव्याशिवाय एक वाक्य न लिहिणारा माणूस, त्याला ही ओळ कुठून सुचणार? पाऊस वाजत राहिला. शेवटी हे म्हणाले, "असं कसं लिहून देऊ, आबा?"

"व्हय," ते म्हणाले, "न्हाईच देता येत." आणि उठले. दारात घोंगडं डोक्यावर घेताना एवढंच बोलले, "पोराला कळवू नगा. तितं त्येच्या डोस्क्यात ह्ये नगं."

त्या महिन्यातली पत्रं मी कधी विसरणार नाही. दिलीप विचारायचा, सुनंदा कॉलेजला येते का? मी पेन घेऊन बसायचे. हे म्हणायचे, "लिही, प्रवेश झालेला आहे." मी लिहायचे. "पुढं?" हे खिडकीबाहेर बघायचे. "पुढं लिही, इकडील सर्व क्षेम." जन्मभर ह्यांनी मुलांना शिकवलं होतं की असली ठरावीक वाक्यं पत्रात घालू नका, ती रिकामी असतात. आता तीच उपयोगी पडत होती. मी वाद घातला. म्हटलं, त्याला सांगा, तो निदान बापाला एक पत्र तरी लिहील. हे म्हणाले, "आणि ते पत्र लिहून झाल्यावर तो काय करील? बंदूक धरील की रडेल?" मी पत्राची घडी करून कडांना डिंक लावला.

लग्नाला आम्ही गेलो. आडवळणाचा रस्ता, गाडी चिखलात रुतायची, वऱ्हाड उतरून ढकलायचं. पत्रिका आमच्याकडे आधीच आली होती, आणि तिच्यात खाली आग्रहाचं निमंत्रण करणाऱ्यांत दिलीपचं नाव छापलेलं. ज्याला कळवायचं नाही तोच सगळ्यांना बोलावत होता. मांडवावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस, भटजींचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, आणि त्यानं भावाला मानाची टॉवेल-टोपी द्यायची, सगळ्यांनी हसायचं. चुलतभाऊ पुढं झाला. त्यानं हलक्या हातानं कान धरला आणि पटकन सोडला. कुणी हसलं नाही. सुनंदाच्या आईनं तोंडात पदर धरला. कोपऱ्यात एक म्हातारा कानाशी रेडिओ लावून बातम्या ऐकत होता आणि आख्खा मांडव मधूनमधून त्याच्याकडे बघत होता.

सुनंदानं वर मान केली नाही. अक्षता टाकताना मी जवळ गेले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "काकू, माझं नाव अजून हाय का तितं?" मी म्हटलं, आहे. खरंच होतं. ह्यांनी ते काढायला सांगितलंच नव्हतं. वर्ग सुरू झाल्यावर कितीतरी दिवस प्राध्यापक हजेरीत तिचं नाव घ्यायचे, उत्तर नाही आलं की पुढचं नाव घ्यायचे. नवऱ्याकडच्यांनी शिकवू म्हणून सांगितलं होतं. असं सगळेच सांगतात.

लग्न होऊन दोनएक आठवडेही झाले नसतील, टीव्हीवर सांगितलं, लढाई संपली. कॉलेजात मुलांनी गुलाल उधळला, कुणीतरी हलगी आणली. हे घरी आले ते कपाळावर गुलाल घेऊनच, आणि हातपाय न धुता बसून राहिले. मी पाणी दिलं. मला विचारायचं होतं, पण त्यांनीच सांगितलं, "दिलीपचं काही वाईट नाही. पलटणीच्या ऑफिसाकडून कळलं."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "एक ओळ लिहायची होती गं."

ती ओळ खोटी असती तेव्हा. नंतर खरी ठरली. इतिहासवाल्यांना एवढा फरक कळतो, म्हणून तर ते कुणाच्या उपयोगी पडत नाहीत, असं मी रागानं बोलून गेले. त्यांनी मान हलवली. त्यांच्याशी भांडण करण्यातही त्या वर्षी काही राम नव्हता.

दसरा झाल्यावर दिलीप रजेवर आला. गावी जाऊन मग आमच्याकडे. ओठ थंडीनं काळे पडलेले, गाल आत गेलेले, हातात जर्दाळूंची पुडी. पायाला हात लावला, बसला. ह्यांचं तेव्हा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी होती. दोघं एकमेकांकडे नीट बघतच नव्हते. मी पोहे केले. त्यानं ताटली मांडीवर घेतली आणि म्हणाला, "सर, तुमी लिवलं का न्हाई?"

"तुझे वडील नको म्हणाले."

"बराबर हाय." त्यानं घास घेतला. "कळलं असतं तर काय करणार हुतो? तितनं उडी मारून येणार हुतो व्हय?" मग ताटलीतच बघत तो म्हणाला, "आबाला म्हटलं, कशाला एवढी घाई केलीसा? तर म्हणतोय, तुझं काय खरं न्हवतं. सर, मी हाय की. मी मरंन म्हणून तिचं लगीन लावलं, आन् मी तर हितं बसलोय, पोहे खातोय."

मी आणखी पोहे वाढले, त्यानं नको म्हटलं नाही. जाताना म्हणाला, सर, पत्रं लिवत जावा. ह्यांनी हो म्हटलं. लिहिलीही काही. पण मजकूर सांगताना आता ते फिरायचे नाहीत, बसून सांगायचे, आणि पत्रं लहान होत गेली. पुढं पोरांच्या हातात मोबाईल आले आणि तो प्रश्न आपोआप मिटला. दोन्ही डोळ्यांनी आता त्यांना स्वच्छ दिसतं. पेन मात्र ते बँकेच्या सहीपुरतं हातात घेतात.

सुनंदा त्या संक्रांतीनंतर एकदा आली. दिवस गेले होते, दवाखान्यात दाखवायला सासू घेऊन आली होती. सासू औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती, तेवढ्या वेळात ही माझ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली. अंग भरलेलं, चेहरा जरा ओढलेला. पुस्तकं आहेत का अजून विचारून तिनं कपाटाकडे बघितलं, पण उठली नाही. मी तिला विचारलं, दादा आला तेव्हा भेटलीस का? ती म्हणाली, व्हय, आमच्या गावात आलाता, पेढं वाटलं सगळीकडं, मी बी खाल्लं.

"लई आनंद झाला, काकू. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "आन् तो गेल्यावर चुलीपुढं बसलोतो तर रडू आवरंना. सासू म्हणाली, भाऊ जित्ता आलाय आन् रडतीस कशाला? काय सांगणार तिला? म्हटलं, आनंदानं. तिला पटलं."

ती पदरानं पाटावरचा पिठाचा डाग पुसत राहिली. मग म्हणाली, "आनंद झालाता की खरंच. त्येच तर."